हिरवे कण, काळे कण आणि चिमूटभर कार्बन

१/ जानेवारी १९८७. अमेरिकेतील हंट्सव्हिल येथे मॉ-क्वेन वू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इट्रियम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडाचा नमुना थंड केला. सुमारे ९३ केल्विनला त्याचा विद्युतरोध कोसळू लागला. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. अतिसंवाहकता प्रथमच त्याच्या आवाक्यात आली.

२/ मात्र तो नमुना एकजिनसी नव्हता. त्यात हिरवे आणि काळे असे दोन पदार्थ मिसळलेले होते. हिरवा निरोधक ठरला, काळा अतिसंवाहक. खरा पदार्थ मिश्रणात दडलेला होता.

३/ काळ्या संयुगातही एक मेख होती. त्याच्या सूत्रात ऑक्सिजनचे अणू सहा असतील तर तो निरोधक. सातच्या जवळ गेले की अतिसंवाहक. जादा ऑक्सिजन तांब्याच्या थरांतील इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि मागे धन प्रभाराच्या रिकाम्या जागा उरतात. हेच डोपिंग.

४/ त्याचा परिणाम प्रकाशात दिसतो. टोकियोच्या उचिदा व सहकाऱ्यांनी १९९१मध्ये लँथॅनम-तांबे ऑक्साइडाच्या स्फटिकांत स्ट्रॉन्शियमचे प्रमाण वाढवत नेऊन त्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजला. डोपिंगविरहित स्फटिकात ठळक शोषण सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्टला सुरू होते. स्ट्रॉन्शियम वाढताच ते शोषण क्षीण होते आणि त्याचा वाटा अवरक्त भागात सरकतो. स्फटिक धातूसारखा परावर्तक होऊ लागतो.

५/ सिलिकॉनसारख्या अर्धसंवाहकात अल्प डोपिंगने मूळ वर्णपट फारसा ढळत नाही. येथे तो मुळापासून बदलला. याचा अर्थ, या स्फटिकांत इलेक्ट्रॉन एकेकटे वागत नाहीत. त्यांचे परस्परांतील प्रतिकर्षण प्रबळ असते.

६/ मिश्रणात दडलेल्या पदार्थाची अशीच कथा मुंबईत घडली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकारी इट्रियम-निकेल-बोरॉन संयुगे अभ्यासत होते. १९९३मध्ये त्यांनी सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकतेची खूण नोंदवली. निकेल हा चुंबकीय धातू. त्याच्या संयुगात ही अपेक्षा सहसा कोणी करत नसे.

७/ खूण क्षीण होती. 'अशुद्धीचा परिणाम' म्हणून ती सोडून देणे सोपे होते. त्यांनी उलट प्रश्न विचारला : ती अशुद्धी कोणती? उत्तर होते कार्बन. तो हेतुपुरस्सर मिसळताच अतिसंवाहकता नमुन्याच्या मोठ्या भागात दिसू लागली. १९९४च्या आरंभी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला.

८/ त्याच सुमारास अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट कावा यांच्या गटाने याच कुळातील पॅलेडियमयुक्त संयुगात २३ केल्विन गाठले. स्फटिकरचना उलगडली तेव्हा कळले, की कार्बन ही भेसळ नव्हतीच; तो रचनेचा अविभाज्य थर होता.

९/ तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिसंवाहकतेचे सर्वमान्य स्पष्टीकरण आजही मिळालेले नाही. परंतु हा इतिहास एक गोष्ट निश्चित सांगतो : नमुन्यातील नकोसा वाटणारा अंश टाकून देण्याआधी तो काय आहे, हे विचारावे.