जाने भी दो यारो
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने (एनएफडीसी) निर्मिलेला हिंदी उपहासात्मक विनोदी चित्रपट (१९८३). दिग्दर्शक कुंदन शाह (१९४७–२०१७). निर्मितीखर्च सात लाख रुपयांच्या आसपास. साहजिकच जाहिरातीला पैसा उरला नाही आणि प्रदर्शनाच्या वेळी फारसा बोलबाला झाला नाही. लोकप्रियता पुढे दूरदर्शन व व्हिडिओमुळे लाभली.

विनोद (नसीरुद्दीन शाह) व सुधीर (रवी बासवानी) या मुंबईतील होतकरू छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यात बिल्डर तरनेजाने (पंकज कपूर) केलेला खून टिपला जातो. खून झालेल्या महापालिका आयुक्त डिमेलोचे (सतीश शाह) प्रेत मग शहरभर फिरते आणि थेट महाभारताच्या नाट्यप्रयोगात द्रौपदी म्हणून उभे राहते. कौरव-पांडवांच्या वेषातील धुमश्चक्रीचा हा प्रसंग हिंदी विनोदपटांत अजोडच म्हणावा लागेल. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अंतुले यांना सिमेंट वाटपातील गैरव्यवहाराच्या प्रकरणावरून पायउतार व्हावे लागले ते १९८२ मध्ये. त्यामुळे चित्रपटातील पूल, कंत्राटे, लाच हे विषय मुंबईकरांना परके नव्हते. धूर्त संपादिका शोभा सेन मराठी रंगभूमीवरील भक्ती बर्वे यांनी रंगवली. शेवटी दोन्ही निरपराध नायकच फासात अडकतात.

कुंदन शाह यांना पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये नूतनीकृत प्रत चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाली.