मेस्तकापासून टर्मिनलच्या वहीपर्यंत

लासूर स्टेशनहून गाडी संभाजीनगरकडे निघाली की पोटूळनंतर दौलताबाद लागतं. यादवांची देवगिरी ती हीच. तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी इथे हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, होता. दरबारी लिखापढी त्याच्या हाताखाली चाले. कारकुनांच्या ‘मेस्तक’ नावाच्या टिपणांचं कुळ परंपरेने त्याच्याशी जोडलंय. हाती आलेली मेस्तकं बरीच नंतरची, त्यामुळे सगळं श्रेय हेमाडपंताच्या पदरात घालायला मी धजणार नाही. पण काम मोठं व्यवहारी: कुणाला कोणता मायना लिहायचा, जमाखर्च कसा मांडायचा, याचे तयार नमुने. नाव-गाव बदललं की झालं.

टर्मिनलवर काम करणाऱ्यांच्या वह्या मला याच घराण्यातल्या वाटतात. युनिक्सची पहिली मार्गदर्शिका केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१मध्ये काढली. तिच्याच वंशातली ‘मॅन पेजेस’ आजही कमांडचं सगळं सांगतात, आणि दुखणं तेच आहे. फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या ‘टार’चे पर्याय वाचता वाचता चहा निवतो, आपल्याला हवी असते एक ओळ. म्हणून लासुरात बसून दूरचा सर्व्हर सांभाळणारं पोरगंही एखाद्या साध्या फाइलीत लिहून ठेवतं: ‘बांधायला सी, सोडायला एक्स. एफ शेवटी, लगेच फाइलचं नाव.’

मधल्या काळात यंत्रही लक्षात ठेवू लागलं. सत्तरच्या दशकाअखेरीस बर्कलीत बिल जॉयने सी शेल हा कमांड चालवणारा प्रोग्राम लिहिला, त्यात जुन्या कमांडची ‘हिस्टरी’ होती, ‘एलियस’ म्हणजे कमांडची टोपणनावं होती. १९८९मध्ये ब्रायन फॉक्सचा बॅश हा शेल आला. कंट्रोल-आर दाबलं की जुनी कमांड सापडते. पण आपण काही बदललं नाही तर बॅश शेवटच्या ५०० कमांडच ठेवतो, त्यातही फसलेल्या आणि जमलेल्या एकाच पंगतीला. कुठली का चालली, हे त्याला ठाऊक नसतं.

ते हॅशची खूण करून आपणच मराठीत लिहायचं. माझ्या फाइलीत, फाइली दुसरीकडे नेणाऱ्या ‘आरसिंक’खाली आहे: ‘मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला मालच जातो, नाही दिली तर फोल्डरसकट.’ त्याखाली: ‘डिलीट लावायच्या आधी एन लावून बघ, काय काय उडणार ते.’