बिनतारी लगाम आणि मातीची शर्यत

१८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनांत निकोला टेस्ला यानें पाण्याच्या हौदांत एक लहानशी होडी सोडली. तिला दोर नव्हता, तार नव्हती, आंत माणूस नव्हता. आणि तरीहि दूर उभ्या असलेल्या टेस्लाच्या इच्छेप्रमाणें ती चाले, वळे आणि आपले दिवे लावी. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं अमेरिकेंत या युक्तीचें पेटंट त्याला मिळालें. टेस्लाला तींत युद्धाचें नवें साधन दिसत होतें. आज मातीच्या मैदानावर उड्या घेत धांवणारी, विजेवर चालणारी आणि खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची जी शर्यतीची ट्रक आहे, ती या होडीचीच वंशज होय.

दुरून आज्ञा देणें हें अर्धेंच काम. ती आज्ञा दुसऱ्याच्या आज्ञेंत मिसळूं नये, हें खरें अवघड. टेस्लानें १९०३ च्या पेटंटांत एकाच वेळीं दोन कंपनसंख्या वापरण्याचा उपाय सुचविला. पुढें १९४२ सालीं हेडी लामार ही चित्रपटांतील नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनीं पाणतीरासाठीं एक पेटंट घेतलें. त्यांत लहरी ८८ कंपनसंख्यांवर आळीपाळीनें उड्या घेत. पियानोच्या पट्ट्याहि तितक्याच! खेळाच्या मैदानावर हें शहाणपण पोहोंचण्यास फार काळ लागला. कित्येक वर्षें २७ मेगॅसायकलच्या आसपासच्या थोड्याशा जागेंत सर्वांनीं दाटीवाटीनें राहावें लागे. दोघां स्पर्धकांनीं चुकून एकच स्फटिक बसविला, कीं एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकुमानें धांवे आणि भिंतीवर आपटे. म्हणून क्लबांतून फळ्यावर क्रमांकांचे चिमटे लावीत. ज्याच्याजवळ चिमटा, त्यानेंच यंत्र सुरू करावें. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत २.४ गिगॅसायकलचीं यंत्रें आलीं आणि हे चिमटे अडगळींत गेले. या यंत्रांत देणारा आणि घेणारा एकमेकांची खूण ओळखतात. शेजाऱ्याची आज्ञा गाडी ऐकतच नाहीं.

परंतु लगाम कितीहि पक्का झाला, तरी घोडा चालतो जमिनीवर. पहिल्या गाड्यांना ही अडचण भासलीच नाहीं. १९६६ सालीं इटलींत फेरारी मोटारीची बिनतारी प्रतिकृति विक्रीस आली. १९७६ मध्यें जपानच्या शिझुओका येथील तामिया कंपनीनें पोर्शे मोटारीची एक-द्वादशांश गाडी काढली आणि हा छंद घरोघर पोहोंचविला. या गाड्या फरसबंदीवर झोंकांत चालत; अंगणांतल्या खड्यांत मात्र अडत. १९७९ मध्यें त्याच कंपनीनें 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' या वाळूंत चालणाऱ्या गाड्या आणल्या. पाणी आणि धूळ लागूं नये म्हणून त्यांतील बिनतारी यंत्र बंद डब्यांत ठेविलें होतें. खेळणें प्रथमच उंबरा ओलांडून मातींत उतरलें.

येथेंच एक मौज आहे. गाडी एक-दशांश करतां येते, माती करतां येत नाहीं. खऱ्या ट्रकला जो खडा चाकाखालीं जाणवतहि नाहीं, तोच खडा या दीड किलोच्या गाडीपुढें धोंडा होऊन बसतो. गुरुत्वाकर्षणहि मापानें कमी होत नाहीं. त्यामुळें मोठ्या मोटारीची नक्कल जितकी हुबेहूब, तितकी ती शर्यतींत दुबळी, असा अनुभव येऊं लागला. १९८४ मध्यें कॅलिफोर्नियांतील असोसिएटेड कंपनीची आर-सी-टेन ही गाडी आली. रॉजर कर्टिस यानें रचलेल्या या गाडीनें नकलेचा नाद सोडला. सोनेरी मुलाम्याच्या ॲल्युमिनियमचा सांगाडा, नायलॉनच्या लांब भुजा, आणि चारी चाकांवर तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर! दुसऱ्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत या मापाच्या मातींतल्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ट्रकची कल्पना मिकी थॉम्प्सन यानें १९७९ पासून लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्यें भरविलेल्या खऱ्या शर्यतींवरून आली. १९९० च्या सुमारास रुंद चाकांची, मोठ्या टायरांची खेळांतली ट्रक स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता पावली.

या गाडीची खरी विद्या त्या तेलाच्या नळकांड्यांत आहे. नळकांड्यांत बारीक भोंकांचा दट्ट्या असतो. चाक वर दबलें कीं तेल त्या भोंकांतून वाट काढतें आणि धक्का विरतो. तेल घट्ट घातलें तर गाडी उडीनंतर नीट उतरते, पण लहान लहान खांचांवर टणाटण उडत जाते. पातळ घातलें तर खांचा गिळते, पण मोठ्या उडीनंतर पोट जमिनीवर आपटतें. यांतून सुटका नाहीं, तडजोड आहे. सर्वांत जुनी परीक्षा अशी, कीं बॅटरी आंत घालून गाडी वीतभर उंचीवरून मेजावर सोडावयाची. एकदां दबून ती आपल्या उंचीवर स्थिरावली तर ठीक. चेंडूसारखी उसळली तर तेल पातळ समजावें. त्यांतहि हवामान आड येतें. सकाळच्या गारव्यांत जें तेल घट्ट, तें दुपारच्या उन्हांत पातळ. सकाळची विजयी गाडी दुपारीं बेताल होते ती यामुळें.

चाकांचीं वरचीं टोकें किंचित् आंत झुकवितात. वळणावर गाडी कलली, कीं बाहेरचें चाक सपाट टेकतें. मागचीं चाकें आंतल्या बाजूस दोन-तीन अंश वळविलीं, तर गाडी मोकळ्या मातींत शेंपूट फिरवीत नाहीं. मोटरवरील लहान दंतचक्राचा एक दांता वाढविला तर वेग वाढतो, पण मोटर तापते. आणि हवेंत असतांनाहि चालकाचा हात रिकामा नसतो. चाकें जोरानें फिरविलीं तर गाडीचें नाक वर येतें, ब्रेक लावला तर खालीं जातें. चाकांच्या फिरण्याची ती प्रतिक्रिया असते.

विजेची बाजू मात्र अलीकडे फार सोपी झाली. पूर्वीं १.२ व्होल्टच्या सहा निकेल-कॅडमियम घटांवर पांच मिनिटें काढणें हेंच कसब होतें. वेग आवरणारा फिरता दांडा जास्तीची वीज उष्णतेंत घालवी, आणि मोटरचे कार्बनचे ब्रश झिजत. हौशी लोक मोटरच्या तांब्याच्या कड्या छोट्या लेथवर घांसून घेत. नवी ब्रशविरहित मोटर आणि लिथियमचे दोन घट यांनीं तें सारें संपविलें. २००८ मध्यें अमेरिकेंतील ट्रॅक्ससची 'स्लॅश' ही तयार जोडलेली ट्रक निघाली, आणि पेंचकस न धरतां कोणालाहि शर्यतींत उतरतां येऊं लागलें. गर्दी वाढली, हें चांगलेंच झालें. परंतु गाडी स्वतः जोडणाऱ्याला प्रत्येक स्क्रूचें कारण ठाऊक असे. तें ज्ञान विकत मिळत नाहीं, आणि पहिल्या अपघातानंतर त्याचीच गरज पडते.

शर्यतवाल्यांचा एक प्रघात मात्र टिकला. प्रत्येक मांडणी कागदावर उतरवून ठेवावयाची: कोणतें तेल, कोणती स्प्रिंग, किती अंश, किती दांते. मोठे विजेते आपले हे कागद छापून प्रसिद्ध करितात. नवशिके ती मांडणी जशीच्या तशी उचलतात आणि त्यांची गाडी पहिल्या वळणावर उलटते, कारण कागदावर आंकड्यांखेरीज आणखी एक नोंद असते आणि ती कोणी वाचीत नाहीं: त्या दिवशींची माती ओली होती कीं कोरडी, भुसभुशीत कीं चोपलेली.