पंचकल्याणी घोडा आणि प्रकाशाची मात्रा

नाशिक जिल्ह्यातील येवला हे गाव पैठणीच्या मागांसाठी सर्वश्रुत आहे. परंतु घोड्यांच्या शौकिनांना ते आणखी एका कारणाने ठाऊक असते. तेथील बाजारात घोड्यांची खरेदी-विक्री चालते. गिऱ्हाईक प्रथम चाल पाहते, मग दात, मग खूर, आणि शेवटी रंग व भोवरे. चारही पाय खालून पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला घोडा म्हणजे पंचकल्याणी. त्याचे मोल साहजिकच चढते. सर्वांगाने शुभ्र आणि गुलाबी कातडीचा नुकरा तर वरातीसाठी विशेष मानाचा. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या अश्वशास्त्रात अशा शुभाशुभ लक्षणांचा मोठा विस्तार आहे. या लक्षणांनी धन्याचे कल्याण होते की नाही, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट निश्चित आहे. खुद्द घोड्याच्या दृष्टीने ती पाच पांढरी ठिकाणे कधीकधी अकल्याणाची ठरतात; कारण प्रकाश बाधू लागला म्हणजे तो प्रथम तेथेच बाधतो.

हल्ली घोड्यांच्या व इतर जनावरांच्या चिकित्सेत प्रकाशाचा उपयोग पुष्कळ होऊ लागला आहे. लेसरची यंत्रे, तांबड्या दिव्यांच्या पट्ट्या, अंगावर घालावयाच्या दिवे बसविलेल्या झुली अशी साधने विकत मिळतात, आणि प्रकाशापासून अपाय तो कसला होणार, अशी विकणाऱ्याची व घेणाऱ्याची सारखीच समजूत असते. इतिहास मात्र निराळे सांगतो. प्रकाश जनावराला बरे करतो, हे कळण्याच्या पुष्कळ आधी प्रकाश जनावराला मारतो, हे मनुष्याच्या ध्यानात आले होते.

युरोपातील मेंढपाळांना फार पूर्वीपासून एक चमत्कारिक अनुभव होता. काही विशिष्ट वनस्पती खाल्ल्यावर कळपातील पांढरी मेंढरे आजारी पडत, त्यांच्या तोंडाची व कानांची कातडी सुजून गळून पडे. काळ्यांना मात्र काही होत नसे. डार्विनने १८५९ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात ही गोष्ट नमूद केली, ती रंग आणि प्रकृती यांच्या संबंधाचे उदाहरण म्हणून. १८६८ च्या दुसऱ्या ग्रंथात त्याने आणखी तपशील दिला: फुलावर आलेले कुटूचे पीक खाऊन उन्हात राहिलेली पांढरी डुकरे आजारी होतात, काळी होत नाहीत, आणि घोड्यांमध्येही, जेथे पांढरा केस आहे तेवढ्याच ठिकाणी कातडी बिघडल्याची उदाहरणे आढळली आहेत. ऊन हा या प्रकरणातील एक भागीदार आहे, एवढे दिसत होते. परंतु रोज अंगावर पडणारे ऊन एकाएकी विषासारखे का वागावे, याचा उलगडा होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

तो उलगडा म्युनिक येथे झाला, आणि तोही आकस्मिक रीतीने. ऑस्कर राब हा तरुण विद्यार्थी फोन टॅपायनर या अध्यापकाच्या हाताखाली अ‍ॅक्रिडिन नामक रंगद्रव्याचा सूक्ष्म जलजीवांवर होणारा परिणाम तपाशीत होता. तेच द्रव्य, तेच प्रमाण. पण कधी जीव लवकर मरत, कधी कितीतरी वेळ जगत. शोध घेता असे दिसून आले की, फरक द्रव्याचा नसून खोलीतील उजेडाचा होता. अंधारात ते द्रव्य जवळजवळ निरुपद्रवी, उजेडात घातक. राबने हे १९०० साली प्रसिद्ध केले. शरीरात एखादे प्रकाश शोषणारे द्रव्य शिरले म्हणजे साधा उजेडही शस्त्र बनतो, हा नियम येथून पुढे मान्य झाला.

हा नियम नाशिककरांना परका नाही; फक्त त्याचे नाव ठाऊक नसते. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ या बाजूच्या डोंगरउतारांवर घाणेरीची झुडपे माजलेली असतात. हिलाच कोठे टणटणी म्हणतात. मूळची ही अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी हिंदुस्थानात आणली गेली आणि पुढे रानेच्या रानेच तिने व्यापली. चारा मुबलक असता गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. टंचाईच्या दिवसांत, किंवा बाहेरून आणलेले नवखे जनावर असल्यास, ती खाल्ली जाते. मग दोनतीन दिवसांत जनावर चारा सोडते, शेण घट्ट होते, डोळे पिवळे पडतात आणि ते सावली सोडून बाहेर येण्यास तयार होत नाही. नाकपुडी, कान, कास आणि जेथे जेथे कातडी पांढरी तेथे ती लाल होऊन तडकते व पुढे सोलून निघते.

यात विषारी द्रव्य यकृत बिघडविते. परंतु कातडी भाजण्याचे कारण निराळेच असते. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्य पोटात कुजून त्यापासून फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ बनतो. निरोगी जनावरात तो पित्तावाटे निघून जातो. यकृत बिघडून पित्ताची वाट बंद झाली म्हणजे तोच पदार्थ रक्तात साठून कातडीपर्यंत पोहोचतो, आणि ऊन पडताच राबच्या रंगद्रव्याप्रमाणे वागू लागतो. दक्षिण आफ्रिकेतील ऑन्डरस्टेपूर्टच्या प्रयोगशाळेत रिमिंग्टन आणि क्विन यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत मेंढ्यांच्या अशाच एका रोगावर काम करून ही साखळी सिद्ध केली. अशा जनावराला प्रथम गर्द सावलीत बांधावे लागते, औषध त्यानंतर. आजारी गुराला ऊन दाखवावे, हा घरोघरचा सल्ला या एका ठिकाणी घातक ठरतो.

येथे रंगाविषयी एक खुलासा हवा. पांढरा केस आणि पांढरी कातडी या दोन भिन्न गोष्टी होत. सब्जा घोडा उतारवयात दुधासारखा दिसू लागला तरी केसांखाली त्याची कातडी काळीच असते. नुकऱ्याची कातडी मात्र गुलाबी असते. तिला उन्हापासून संरक्षण नाही, आणि वर्षानुवर्षे कडक उन्हात उभ्या राहणाऱ्या अशा घोड्यांना पापण्यांभोवतीचा कर्करोग होण्याचा धोका अधिक असतो. वरातीच्या घोड्याला दिवसभर मांडवाबाहेर उन्हात बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

प्रकाशाची दुसरी, उपकारक बाजू डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन याने दाखविली. कातडीच्या क्षयावर त्याने विजेच्या कमानदिव्याचा प्रकाश योजिला, कोपनहेगन येथे १८९६ साली संस्था काढली, आणि १९०३ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या कीर्तीपेक्षाही येथे त्याची सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. दिव्यातील उष्णता रोग्याला भाजू नये म्हणून तो किरण पाण्यातून व स्फटिकाच्या भिंगांतून नेई, आणि एका वेळी लहानशाच भागावर पाडी. उष्णता निराळी आणि प्रकाश निराळा, हा विवेक त्याने प्रथमपासून राखला. त्याच्या मागून आलेल्या कित्येकांना तो राखता आला नाही.

पुढे १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की याने पाऱ्याच्या दिव्याने मुलांचा मुडदूस बरा करून दाखविला आणि अतिनील किरणांचे युगच सुरू झाले. अंधाऱ्या खुराड्यांतील कोंबड्यांचे लुळे पडणारे पाय व कोंडून ठेवलेल्या कुत्र्यांची वाकलेली हाडे यांचाही उलगडा त्याच काळात झाला. तो अध्याय ड जीवनसत्त्वाच्या शोधात विलीन झाला. नाशिकसारख्या सूर्यसंपन्न प्रदेशात त्याचे महत्त्व मुख्यतः बंदिस्त पाळलेल्या पक्ष्यांपुरते आहे.

याच सुमारास एक धडा अगदी अनपेक्षित बाजूने मिळाला. १९४० च्या आगेमागे फिनोथायाझिन हे जंतांवरील औषध जनावरांना सर्रास दिले जाऊ लागले. ते दिल्यावर वासरांचे डोळे गढूळ होत. १९४७ साली न्यूझीलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की, औषधापासून पोटात बनणारा एक पदार्थ डोळ्यातील पाण्यात उतरतो आणि उन्हात बुबुळाचा पडदा भाजतो. औषध देऊन वासरू सावलीत ठेवले तर हा अपाय टळे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बुर्खार्ट याने घोडीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. घोडी दिवस मोठा होऊ लागला म्हणजे माजावर येते. हिवाळ्यात कृत्रिम उजेड देऊन दिवस लांबविला तर ती लवकर माजावर येते, असे त्यात दिसून आले. शर्यतीच्या घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजण्याची चाल असल्याने शिंगरू वर्षाच्या आरंभीच जन्मावे अशी पैदासकारांची इच्छा असते. म्हणून दिवसाचे व दिव्याचे मिळून सुमारे १६ तास उजेड देण्याची पद्धत जगभर पडली. नाशिकच्या अक्षांशावर हिवाळ्यातील लहानात लहान दिवसही जवळजवळ ११ तासांचा असतो, त्यामुळे थंड देशांइतकी ओढाताण येथे नाही. पण येथे प्रकाश कातडीवाटे नव्हे, डोळ्यांवाटे काम करतो. म्हणजे तबेल्यात रात्रभर दिवा जळत ठेवणे हे निव्वळ चोरापासून संरक्षण नसून घोडीच्या शरीरातील पंचांगात केलेला फेरफारही असतो.

आता लेसरकडे वळावयाचे. १९६० साली मायमन याने पहिला लेसर तयार केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९६७ च्या सुमारास, बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर याने उंदरांचे केस भादरून त्यांच्यावर मंद लेसर टाकला. त्याला कर्करोगाची भीती किंवा आशा तपासावयाची होती. कर्करोगाचे काहीच झाले नाही, परंतु किरण पडलेल्या ठिकाणी केस अधिक वेगाने उगवले. येथून जखमा, सुजलेले सांधे व दुखावलेल्या शिरा यांवर तांबडा व त्यापलीकडील अवरक्त प्रकाश, सुमारे ६०० ते १००० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, वापरण्याची प्रथा पडली. घोड्याच्या पायाची शीर दुखावली म्हणजे पूर्वीचे सलोत्री तापल्या लोखंडाने डाग देत. १८८६ साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाल्यानंतरही डागणीचा प्रघात पुष्कळ वर्षे टिकला. त्या क्रौर्याच्या जागी एक शीतल किरण यावा, ही सुधारणाच होय. मात्र गुणाचे पुरावे सर्व ठिकाणी सारखे बळकट नाहीत. काही जखमांत व वेदनांत लाभ दिसतो, काही प्रयोगांत काहीच फरक आढळत नाही. थोडी मात्रा उपयोगी पडते आणि मोठी मात्रा तोच लाभ खाऊन टाकते, असाही अनुभव आहे; म्हणून दुप्पट वेळ दिवा धरून गुण दुप्पट येत नाही.

सुरक्षिततेचा पहिला प्रश्न डोळ्यांचा. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांत घोड्याचा डोळा सर्वांत मोठ्यांपैकी आहे, आणि त्याच्या मागील बाजूस प्रकाश परतविणारा चकाकता पडदा असतो. पाचशे मिलिवॅटच्या वरचा लेसर डोळ्यात गेला, किंवा रिकिबीच्या, बकलाच्या चकचकीत धातूवरून उसळून गेला, तर क्षणात कायमचे नुकसान होते. आणि अवरक्त किरण दिसतच नसल्याने डोळे मिटण्याचीही सूचना मिळत नाही. म्हणून घोड्याच्या डोळ्यांवर पक्की झापड, आणि लगाम धरणाऱ्या मोतद्दारासकट सर्वांना त्या लहरीसाठीच बनविलेले चष्मे आवश्यक असतात. साधा काळा चष्मा येथे कुचकामाचा.

दुसरा प्रश्न रंगाचा; येथे पंचकल्याणी घोड्याचा हिशेब उलटतो. उन्हात पांढरे भाजते, तर लेसरखाली काळे तापते. मुश्की घोड्याचे गडद केस व कातडी किरण शोषून घेतात; म्हणून अशा ठिकाणी शक्ती कमी ठेवून यंत्राचे टोक सारखे फिरते ठेवावे लागते आणि मधूनमधून हाताने ऊब पाहावी लागते. घोडा पाय झाडू लागला तर तो खोडसाळपणा समजून त्याला आवळून धरण्यात अर्थ नाही; त्याच्यापाशी सांगण्याचा दुसरा उपाय नसतो. आधी नीट खरारा करून चिखल काढावा, दाट केस कातरावेत, आणि लावलेले मलम किंवा आयोडीन पूर्ण पुसावे. गाठ कर्करोगाची असण्याचा संशय असेल तर त्यावर, गाभण घोडीच्या पोटावर आणि रक्त वाहत असलेल्या जखमेवर लेसर टाकू नये. टेट्रासायक्लिनसारखी प्रकाशाने बाधणारी औषधे चालू असल्यास, अथवा यकृत बिघडल्याची शंका असल्यास, पशुवैद्याला ते आधी सांगितले पाहिजे.

राहता राहिला लंगडणारा घोडा. किरणांनी त्याची वेदना तेवढी कमी होते आणि तो टापा टाकू लागतो. आतील शीर मात्र सांधलेली नसते. पाय कशाने दुखतो हे पशुवैद्याने पाहण्यापूर्वीच लेसर देऊन त्याला पुन्हा वरातीत किंवा शर्यतीत उतरविले, तर ती शीर पुरती तुटण्याचा संभव असतो.