मुडदूस: सावलीतला आजार

'व्हिटॅमिन डी कमी' असा रिपोर्ट आला, की तुम्ही विचारता, "डॉक्टर, खाण्यात काय कमी पडलं?" शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही हाच प्रश्न पडला होता. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवलं. त्यांची हाडं भरून येताना एक्स-रेमध्ये दिसली. १९२२ मध्ये आपल्या नाशिकमधला हचिसन आणि शहा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे मुडदूस दिसला तो पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत; उघड्यावर वावरणारी गरिबांची मुलं बहुतेक सुटली होती.

आज तुमच्या-माझ्यासाठी तो पडदा म्हणजे बंद खिडकी. काचेतून उजेड येतो, पण व्हिटॅमिन डी बनवणारे किरण बाहेरच अडतात. म्हणून आहाराबरोबर हेही विचारा: अंगावर ऊन किती पडतं? गोळ्या मात्र मनाने घेऊ नका.