लिलावासाठी रंगणारा हत्ती

शहरातल्या चौकांत, उद्यानांत किंवा समुद्रकिनारी काही आठवडे रंगीबेरंगी गायी अथवा हत्ती उभे राहतात, येणारेजाणारे त्यांच्यासोबत छायाचित्रे काढतात आणि मग एके दिवशी ते सारे उचलले जातात. ते जातात लिलावाला. एकाच साच्यातून काढलेली, खऱ्या प्राण्याच्या मापाची शिल्पे निरनिराळ्या कलावंतांकडून रंगवून घ्यावयाची, ती शहरभर मांडावयाची आणि अखेर विकून आलेला पैसा एखाद्या सेवाकार्याला द्यावयाचा, असा हा प्रकार आहे. मुंबईकरांनी तो २०१८ मध्ये 'एलिफंट परेड'च्या निमित्ताने पाहिला. त्या वेळी १०१ रंगीत हत्ती शहरात मांडण्यात आले होते.

या प्रथेचे मूळ स्वित्झर्लंडमध्ये आहे. वॉल्टर क्नाप यांच्या कल्पनेतून १९९८ च्या उन्हाळ्यात झुरिच शहरात फायबर-ग्लासच्या सुमारे ८०० गायी उभ्या राहिल्या. त्यांचे पुत्र, शिल्पकार पास्काल क्नाप यांनी गायीच्या तीन मुद्रा घडविल्या होत्या : उभी, चरणारी आणि बसलेली. पुढच्याच वर्षी शिकागोने ही कल्पना उचलली. तेथील तीनशेहून अधिक गायींपैकी निवडक गायींच्या लिलावातून सुमारे ३५ लाख डॉलर जमा झाले आणि मग जगभरच्या शहरांत अशा प्रदर्शनांची रीघ लागली.

हत्तींची गोष्ट थोडी निराळी आहे. थायलंडमध्ये लाम्पांग येथे हत्तींचे रुग्णालय आहे. भूसुरुंगावर पाय पडून पुढचा एक पाय गमावलेले 'मोशा' नावाचे पिल्लू २००६ मध्ये तेथे दाखल होते. मार्क स्पिट्स या डच गृहस्थांनी ते पाहिले आणि पुत्र माइक यांच्यासमवेत 'एलिफंट परेड'ची स्थापना केली. पहिले प्रदर्शन २००७ मध्ये रॉटरडॅमला भरले. मोशाला पुढे कृत्रिम पाय बसविण्यात आला. ती वाढत गेली तसे तो वारंवार नव्याने करावा लागला. लंडनमध्ये २०१० साली सुमारे २६० हत्तींचे प्रदर्शन झाले आणि त्यातून ४० लाख पौंडांहून अधिक निधी उभा राहिला. तो आशियाई हत्तींसाठी काम करणाऱ्या 'एलिफंट फॅमिली' या संस्थेच्या कार्यासाठी होता. लेखक मार्क शँड हे तिचे एक संस्थापक.

रंगकाम कसे चालते

कलावंताच्या हाती येतो तो पांढरा, कोरा हत्ती. त्याची उंची साधारण दीड मीटर, म्हणजे पिल्लाएवढी. कागदावर सुबक दिसणारे संकल्पचित्र या वक्र अंगावर नेताना पहिली अडचण उभी राहते. सरळ रेषा पोटाच्या फुगवट्यावर वाकते, कानामागे नक्षी तुटते, आणि चारही बाजूंनी पाहिल्यावर चित्र सलग दिसावे लागते. म्हणून जाणते कलावंत आधी खडूने किंवा मऊ पेन्सिलीने पाठीच्या कण्याची मध्यरेषा आखून घेतात आणि तिच्या आधाराने दोन्ही बाजूंचे माप जुळवितात. मोठ्यांची नजर पाठीवर पडते, मुलांची थेट सोंडेवर. तेव्हा बारीक कामासाठी जागा निवडतानाही विचार करावा लागतो.

रंगापूर्वीची तयारी कंटाळवाणी असते, पण सारे काही तिच्यावरच अवलंबून असते. साच्यातून शिल्प सहज सुटावे म्हणून साच्याला मेण लावलेले असते. त्याचा अंश पृष्ठभागावर राहिला तर रंग धरत नाही आणि महिन्याभरात पापुद्रे निघू लागतात. त्यासाठी शिल्प धुऊन, बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून घ्यावे लागते. त्यावर प्रायमरचा हात दिलेला नसेल तर तो द्यावा लागतो. पोट व पायांच्या आतल्या बाजू आधी उरकून घेणे सोयीचे असते. शिल्प चौथऱ्यावर बसविण्यापूर्वी गोणपाटावर आडवे करून हे काम होते. नंतर ते केवळ पाठीवर झोपूनच करता येते.

रंग बहुधा ॲक्रिलिक असतात. तैलरंगांची खोली अनेकांना मोह पाडते, परंतु ते आतून सुकण्यास फार वेळ घेतात आणि अर्धवट सुकलेल्या थरावर वॉर्निश चढविले की त्याला सुरकुत्या पडतात. जाड एका हातापेक्षा पातळ दोन-तीन हात टिकतात. मार्करने काढलेली नाजूक रेघ वॉर्निशमधल्या द्रावकाने पसरू शकते. म्हणून आधी एखाद्या तुकड्यावर परीक्षा घेणे शहाणपणाचे. आरसे किंवा काच चिकटवायची तर कडा घासून बोथट कराव्या लागतात, कारण रस्त्यावरच्या हत्तीवर मुले चढणार हे गृहीतच धरायचे असते.

शेवटी येते ते संरक्षक आवरण, पुष्कळदा मोटारगाड्यांना देतात तसे. ऊन, पाऊस, धूळ, बोटांचे डाग आणि वेळप्रसंगी कुणाची खोडसाळ सही, या साऱ्यांना तेच अडविते. दमट हवेत मारलेल्या लॅकरवर दुधाळ झाक चढते, त्यामुळे मुंबईसारख्या शहरात कोरडा दिवस पाहूनच हे काम हाती घ्यावे. पोळ्याला शिंगे रंगविणाऱ्याला बैल मान हलवील ही धास्ती असते. येथे जनावर स्थिर आहे, भरवसा नसतो तो हवेचा.

बोली कुणाच्या नावावर

असे शिल्प कलावंताच्या मनाप्रमाणे रंगते, असे मात्र नाही. पुष्कळदा कलावंत संकल्पचित्र पाठवितात, त्यातून प्रायोजक आपल्या पसंतीचे निवडतो आणि खर्च उचलतो. उघड जाहिरात, राजकीय प्रचार, कुणाला दुखावणारी प्रतिमा यांना सहसा मज्जाव असतो. न्यूयॉर्कच्या २००० सालच्या प्रदर्शनासाठी चित्रपट दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी छिन्नविच्छिन्न, अंगात काटे-सुऱ्या खुपसलेली गाय तयार केली होती. आयोजकांनी ती नाकारली. गायीवर काहीही चितारता येते. गायीचे आपण पुढे काय करतो, एवढे मात्र नको होते.

लिलावातही मोल केवळ कुंचल्याचे नसते. डब्लिनच्या २००३ सालच्या प्रदर्शनात फॅशन डिझायनर जॉन रोशा यांनी वॉटरफर्ड क्रिस्टलने मढविलेल्या गायीला सुमारे सव्वा लाख युरो मिळाले. प्रसिद्ध नाव, झगमगते साहित्य आणि सभागृहातील दोन धनिकांची चुरस एकत्र आली की आकडा चढतो; तेवढ्याच मेहनतीने रंगविलेला अनोळखी कलावंताचा हत्ती बेताच्या बोलीत सुटतो. सेवाकार्याच्या दृष्टीने हे वावगे नाही, पण बोलीचा आकडा म्हणजे कलेचा दर्जा नव्हे, हे कलावंताने आधीच जाणून असावे.

अधिक महत्त्वाचा प्रश्न पैसा कोठे जातो हा. शिल्पाचा, वाहतुकीचा, विम्याचा खर्च मोठा असतो, आणि काही प्रदर्शनांत विक्रीचा ठरावीक हिस्साच संस्थेला मिळतो. बोली लावण्यापूर्वी ते विचारून घेण्यात संकोच बाळगू नये. मुंबईतील हत्तींची संख्या तरी सहज ठरलेली नव्हती. देशातील हत्तींचे १०१ भ्रमणमार्ग वन्यजीव अभ्यासकांनी २०१७ मध्ये नोंदविले होते, त्यांचे ते प्रतीक. भ्रमणमार्ग म्हणजे दोन जंगलांना जोडणारी चिंचोळी पट्टी. ती शेती, रस्ता वा लोहमार्गाने तुटली की हत्ती वस्तीत शिरतात. सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसराने २००२ पासून कर्नाटकातून येणाऱ्या हत्तींमुळे बागायतीची नासाडी सोसली आहे, आणि गडचिरोलीतही २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने कळप उतरला.

असा मार्ग सोडविणे म्हणजे काय, हे केरळातील वायनाडमध्ये दिसते. तिरुनेल्ली-कुद्रकोट मार्गावरील जमीन स्वयंसेवी संस्थांनी विकत घेतली, तेथील कुटुंबांचे त्यांच्या संमतीने अन्यत्र पुनर्वसन केले आणि २०१५ मध्ये ती वनखात्याच्या हवाली केली. हे काम वर्षानुवर्षांचे, आणि जमिनीच्या बाजारभावाने चालणारे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०२३ च्या अहवालात भ्रमणमार्गांची संख्या १५० नोंदविली गेली. त्यांपैकी १५ मार्ग इतके बिघडले आहेत की ते पुन्हा सावरावे लागणार आहेत.