पराभव परवडू लागला तो हंगाम : महिला कमोगीची राष्ट्रीय साखळी, १९७६-७७
धागा 🧵

एक सामना हरला की वर्ष संपले. आयर्लंडच्या अखिल आयरिश कमोगी अजिंक्यपद स्पर्धेत बहुसंख्य परगण्यांच्या वाट्याला दीर्घकाळ हेच आले. १९७६-७७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे मोल समजायचे असेल, तर सुरुवात या एका वाक्यापासून करावी लागते.

आधी खेळाविषयी. हर्लिंग हा आयर्लंडचा प्राचीन चेंडूफळीचा खेळ. कमोगी हे त्याचे स्त्रियांनी खेळायचे रूप. पुरुषांच्या वाकड्या काठीला ‘कामान’ म्हणतात. स्त्रियांची काठी आखूड, म्हणून तिचे नाव लघुत्वदर्शक: ‘कामोग’. त्यावरूनच खेळाचे नाव पडले. (नावातच ‘धाकटेपणा’ आहे, हे ध्यानात ठेवा.) हा शब्द घडवला आयरिश भाषेच्या चळवळीतील लेखक टाइग ओ डॉनखा यांनी. १९०४ च्या जुलैत नवन येथे पहिला जाहीर सामना झाला. त्यातील एकमेव गोल करणाऱ्या मॉयरा नी खिनेजे याही भाषा-कार्यकर्त्याच. म्हणजे या खेळाचा जन्म व्यायामशाळेत नव्हे, तर भाषिक पुनरुज्जीवनाच्या बैठकांत झाला.

अखिल आयरिश अजिंक्यपद स्पर्धा मात्र १९३२ मध्ये सुरू झाली, आणि तीही बाद पद्धतीची. परिणाम आकड्यांत पाहा: १९४८ ते १९६६ या १९ वर्षांत डब्लिनने १८ विजेतेपदे मिळवली. मधले एकच वर्ष, १९५६ चे, अँट्रिमने हिरावले.

असे का व्हावे? डब्लिनच्या मुली उपजतच अधिक कुशल होत्या, असे मानायला काहीही आधार नाही. नोकऱ्या शहरात होत्या. कचेऱ्या, कारखाने, रेल्वे यांचे स्वतःचे संघ होते, आणि सरावाला मैदान व सोबती आठवडाभर जवळच असत. १५ अखिल आयरिश पदके मिळवून १९६१ मध्ये निवृत्त झालेल्या कॅथलीन मिल्स रेल्वे-वाहतूक कंपनीच्या संघातूनच पुढे आल्या. ग्रामीण परगण्यांतील संघाला मात्र वर्षाकाठी एखादा मोठा सामना मिळायचा. तो अशा संघाशी झाला, तर पुढे काय होणार हे सांगायला नको. शिकायला पुन्हा सामना हवा, आणि नेमका तोच मिळत नसे.

बाद पद्धत बलवानाला अधिक बलवान करते, हे आपल्याकडे कबड्डी-खोखोच्या मैदानावर वावरलेल्या कुणालाही ठाऊक असते. हरणारा घरी जातो आणि जिंकणारा आणखी खेळतो. सरावाची खरी गरज ज्याला आहे, त्यालाच सामने कमी.

साखळीने हे गणित उलटवले. सामने ठरलेले, हरलात तरी पुढचा सामना आहेच. निवड समितीला नवख्या मुलीला उतरवून पाहण्याचे धाडस करता येऊ लागले. पराभव परवडू लागला. माझ्या मते, या स्पर्धेने दिलेली खरी देणगी चषक नव्हे, हंगाम आहे.

काळही बोलका होता. लग्न होताच स्त्रीने सरकारी नोकरी सोडावी, हा आयर्लंडमधील नियम १९७३ मध्ये उठला. साखळी स्पर्धा त्यातूनच निघाली, असे म्हणण्याचा मोह टाळायला हवा. पण स्त्रीचा नोकरीतला किंवा मैदानावरचा काळ चार दिवसांचाच, ही समजूत त्याच दशकात सैल होत होती.

पहिल्या साखळीचा चषक कुणी नेला? डब्लिनने नव्हे. तो टिपरेरीने नेला, म्हणजे तोवर एकदाही अखिल आयरिश विजेतेपद न मिळालेल्या परगण्याने! हर्लिंगचे माहेरघर म्हणून टिपरेरीच्या पुरुषांचा दरारा मोठा. ज्या थर्ल्स गावी १८८४ मध्ये गेलिक क्रीडा संघटना स्थापन झाली, तेही याच परगण्यातले. स्त्रियांच्या नावावर मात्र राष्ट्रीय पातळीवरचे यश नव्हते.

साखळीने सारे काही पालटले, असे मात्र नाही. १९७९ मध्ये टिपरेरी अखिल आयरिश अंतिम सामना अँट्रिमकडून हरली, १९८४ मध्ये डब्लिनकडून. त्यानंतर किलकेनीने १९८५ ते १९९१ अशी सलग सात विजेतेपदे पटकावली. केवळ स्पर्धेचे स्वरूप बदलून सत्ता हलत नाही; इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये.

मैदानाचे मापही तोवर ‘धाकटेच’ होते. पुरुषांचा संघ १५ जणांचा, स्त्रियांचा १२ जणींचा, आणि मैदान लहान. १९९९ मध्ये हा भेद गेला: १५ खेळाडू, पूर्ण मैदान. त्याच वर्षी अंतिम सामन्यात किलकेनीला अवघ्या एका गुणाने हरवून टिपरेरीने आपले पहिले अखिल आयरिश विजेतेपद मिळवले. पहिल्या साखळी विजयाला तेव्हा २२ वर्षे झाली होती.